रंगाचं पाणी ओतून देण्याआधी दोन ओळी लिहा (अनुभव धागा)

नमस्कार मंडळी. आज सकाळी नाशिकच्या गोदाघाटावर बसून एक चांगलं चाललेलं चित्र शेवटच्या दहा मिनिटांत बिघडवलं. गाडीला किक मारताना मनात आलं, आपल्यासारखे गावात किती असतील? पोटापाण्याचं काम भलतंच, आणि कपाटाच्या खालच्या खणात रंगांची पेटी. म्हणून हा धागा. सध्या काय काढताय, कुठे अडलंय आणि त्यापायी रोजच्या दिवसात कुठली बारीकशी मजा येते, ते लिहा. चित्र चांगलंच झालेलं असावं अशी अट नाही. प्रदर्शनं भरवणाऱ्यांनीही यावं, फक्त चित्रांच्या किमती सांगू नयेत!

सुरुवात मीच करते. मी सातपूरला एका कारखान्यात हिशेब बघते. गेल्या श्रावणापासून महिन्यातला एक रविवार घाटावर एकाच पायरीवर बसते. समोर नदी, पलीकडे नारोशंकराचं देऊळ. जागा तीच, कागदाचा आकार तोच. बारा चित्रं करायची ठरवली होती. आठ झाली, त्यातली पाच घरच्यांना दाखवण्यासारखी.

पहिल्या चित्रात देवळाला ट्यूबमधला काळा रंग सरळ फासला. दगड काळा, मग रंगही काळा. घरी आणून भिंतीला टेकवलं तर देऊळ कुठलं, कागदाला भोक पडल्यासारखं दिसत होतं. मग शिवाजी तुपे सरांची घाटावरची जलरंगातली चित्रं परत काढून बघितली आणि तो दगड आपण लहानपणापासून नुसता ओलांडत आलोय, बघितलेला नाही, हे ध्यानात आलं. आता काळ्या ट्यूबला हात लावत नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, एवढ्यावर देऊळ उभं राहतं. निळा जास्त पडला की भिजलेला दगड, तांबूस जास्त पडला की एप्रिलमधला तापलेला. दोन्ही रंग कागदावरच एकमेकांत उतरू द्यायचे, पॅलेटमध्ये घोटत बसलं की चिखल होतो. हे कळेपर्यंत तिसरं चित्र वाया गेलं होतं.

तिथली ती मोठी घंटा मात्र अजून जमलेली नाही. मराठ्यांच्या वसईवरच्या १७३९ च्या विजयातली पोर्तुगीज घंटा ती, आणि मी तिला दर महिन्याला एका ठिपक्यावर बोळवते.

माझी मजा सांगायची तर शेजारी द्रोणात फुलं-दिवा विकणाऱ्या मावशी. पहिले तीन महिने काही बोलल्या नाहीत. चौथ्या वेळी मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, देऊळ आज तिरपं बसलंय तुझं." पट्टी लावून बघितलं. शिखर खरंच डावीकडे कललं होतं. आता कच्चं रेखाटन झालं की आधी त्यांना दाखवते.

जुन्या गावातला पेनवाला

ताई, धागा छान काढलात. मी चौतीस वर्षं ड्रॉइंग बोर्डावर यंत्रांचे भाग काढले. निवृत्त झालो तरी हाताची खोड जाईना, म्हणून जुन्या गावातले वाडे काढायला लागलो. सराफ बाजाराच्या मागच्या गल्ल्या, तिवंधा, भद्रकालीची बाजू. रंगाच्या वाटेला जात नाही. काळं पेन, जाड कागदाची वही आणि घडीचं स्टूल.

सवयीप्रमाणे आधी मोजून घेतो. दिंडी दरवाजा किती वीत, खांब किती, त्याखालचा दगडी तळखडा केवढा. वाड्यातली माणसं आधी घाबरतात. त्यांना वाटतं बिल्डरचा माणूस आलाय. वही उघडून दाखवली की चहा येतो. साखर कमी सांगायला मी विसरतो, मुद्दाम.

एका वाड्याची गोष्ट सांगतो. एका रविवारी डावी बाजू काढून झाली आणि ऊन डोक्यावर आलं. उजवी पुढच्या रविवारी काढू म्हणून उठलो. पुढच्या रविवारी गेलो तर गल्लीच्या तोंडाशी पत्रे लावलेले आणि आत जेसीबी. मोजमापं वहीत होती, उजवी बाजू घरी बसून काढता आली असती. काढली नाही. ते पान अर्धंच आहे.

पुढे त्या वाड्याचे मालक भेटले. आता नवीन फ्लॅटमध्ये राहतात. त्यांना झेरॉक्स दिली. बराच वेळ बघून म्हणाले, "जिना नाही काढलात." मी म्हटलं, जिना आत होता, मी पाहिला नाही. तर ते डोळे मिटून सांगायला लागले. चौदा पायऱ्या, उजव्या हाताला भिंत, डावीकडे दोर, वर झाकणाचा दरवाजा, आणि खालून सातवी पायरी करकरायची. मी त्यांच्याच डायनिंग टेबलावर काढत गेलो. करकर कशी काढतात ते चौतीस वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. सातव्या पायरीची रेघ मध्ये किंचित तोडली. त्यांनी त्या तुटलेल्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हीच."

पंचवटीचा पासधारक

काकांसमोर आमचं म्हणजे अगदीच किरकोळ. रोज पंचवटी एक्सप्रेसने कल्याण. वहीच्या मागच्या पानांवर झोपलेले सहप्रवासी काढतो. नाशिकरोडला डोळे मिटतात आणि इगतपुरीपर्यंत माणूस हलत नाही, असं मॉडेल फुकट कुठे मिळणार? घाटात बोगदे आणि वळणं सुरू झाली की पेन उचलून धरायचं, नाहीतर नाक कानापर्यंत जातं. उघडं तोंड काढायला सर्वांत सोपं, चष्म्यामागची मिटलेली पापणी सर्वांत अवघड.

एकदा पकडला गेलो. समोरचे गृहस्थ जागे होऊन वही बघायला मागू लागले. निरखून म्हणाले, "टक्कल एवढं नाहीये माझं." चार केस जास्त काढून दिले. तेव्हापासून खिडकीची जागा धरून ठेवतात माझ्यासाठी.

धागाकर्ती

चार केसांवर खिडकी! मी इथे दोन हजाराचे ब्रश घेऊन बसलेय. आणि काका, सातव्या पायरीचं वाचून ऑफिसात डोळे पुसले, चष्म्याचं निमित्त करून.

सिडकोची आई

मुलगा यंदा चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसतोय. ए ग्रेड आली तर दहावीला सात गुण, म्हणून क्लास लावला. घरी सरावाला स्थिरचित्र मांडायचं काम माझ्याकडे. तांब्या, दोन वांगी, दुमडलेला नॅपकिन. तो त्याचं काढतो, समोरच्या बाजूला मी माझं काढते. दोन महिन्यांत तो कंटाळलाय आणि मी वेडी झालेय. त्याला मार्क हवेत, मला वांग्यावरचा तो एक पांढरा चकाकता ठिपका. तो कागदाचाच पांढरा राखायचा असतो, वरून पांढरा रंग लावला की वांगं आजारी दिसतं. मांडणी संपल्यावर तीच वांगी रात्री भरली करते. घरात हल्ली आठवड्यातून तीनदा वांगी होतात, नवऱ्याचं म्हणणं आहे की पुढची मांडणी पनीरची करावी.

एक रागाची गोष्टही लिहिते. पहिलं जमलेलं चित्र फ्रेम करायला दिलं. दुकानदाराने फ्रेमच्या मापात बसेना म्हणून खालून दोन बोटं कागद कापला. माझी सही त्यातच गेली. विचारलं तर म्हणतो, "मॅडम, पांढरंच तर होतं." आता सही चित्राच्या आत, तांब्याच्या बुडाशी करते. काप म्हणावं!

दिंडोरीचा बागायतदार

आमच्याकडं द्राक्षाची बाग. ऑक्टोबरला गोडी छाटणी झाली की मग फवारणी, विरळणी, मजूर, हवामान. चित्राचं नाव काढलं तरी घरात भांडण होतं. माझा हंगाम म्हणजे माल निघाल्यापासून एप्रिलच्या खरड छाटणीपर्यंत, जेमतेम महिनाभर. म्हणून तोडणीच्या वेळी घडांचे भरपूर फोटो काढून ठेवतो.

अडलंय ते एका गोष्टीत. मण्यावर जो पांढुरका थर असतो ना, तो. गिऱ्हाइकाला वाटतं औषध आहे, आणि तो पुसून काढतो. तो फळाचाच असतो, आणि जसाच्या तसा राहिला तर माल ताजा आणि नीट हाताळलेला समजतात. म्हणून तोडणाऱ्या बायका घड देठाला धरतात, मण्याला बोट लावत नाहीत. चित्रात उलटं होतं. मणी हिरवा चकचकीत काढला की प्लास्टिकचा दिसतो. पांढरा मारला की पीठ पडल्यासारखा दिसतो. यंदा एक जमलं. हिरवा पूर्ण वाळू दिला, मग ब्रश जवळजवळ कोरडा करून फिक्कट निळसर पांढरा नुसता घासून नेला, आणि एका जागी ओल्या बोटाने पुसला. कुणीतरी मणी हाताळला की जसा डाग दिसतो, तसा. एकवीस मण्यांतला तो एकच मणी खरा वाटतो. माझ्या आईने चित्र बघितलं आणि म्हणाली, "कुणी हात लावला रं घडाला?"

रंगपंचमीवाली

माझा प्रयोग फसलेला आहे, तरी सांगते. रहाडीत, म्हणजे रंगपंचमीला रंगाने भरतात त्या जुन्या हौदात, उड्या मारणाऱ्या घरातली मी. यंदा वाटलं, चित्रही फुलांच्याच रंगाने करू. त्र्यंबकच्या वाटेवरून पिशवीभर पळसाची फुलं आणली, उकळली, तुरटी टाकली, गाळलं. काय रंग आला! केशरी-पिवळा, उन्हासारखा. त्यात रहाडीभोवतीची गर्दी रंगवली आणि चित्र खिडकीशेजारी लावलं. दोन महिन्यांत गर्दी ओसरली. आता कागदावर फिकट चहा सांडल्यासारखं दिसतं. पुढच्या वेळी वहीत बंद ठेवीन. पातेलं मात्र अजून पिवळं आहे, घासून घासून थकले.

पेनवाला

पातेल्यालाच फ्रेम करा.

धागाकर्ती

काका!! पण सिडकोवाल्या ताईंच्या दुकानात नको.

बागायतदार दादा, तुमची कोरड्या ब्रशची युक्ती आज देवळाच्या पायऱ्यांवर वापरून बघितली. पाण्याच्या रेषेवरचा वाळलेला पांढरट पट्टा हुबेहूब आला. मावशींनी मान डोलावली, म्हणजे पास. घरी आल्यावर बिघडलेल्या आकाशावर परत एक पातळ वॉश दिला आहे. आषाढातली हवा, कागद दोन तास पंख्याखाली आहे आणि अजून बोटाला गार लागतोय. सासूबाई विचारताहेत, पंखा चित्रासाठी लावलाय की माणसांसाठी.