शिकागोत नळाचं पाणी थेट प्यावं का? (तळघर, रेवा आणि ओंजळ या टोपणनावांनी झालेली चर्चा)

तळघर: शिकागोत जुनं घर घेतलं. रस्त्याखालून येणारा पाण्याचा पाइप तळघरात जिथे शिरतो, तिथे किल्लीने खरवडून पाहिलं. करड्या थराखाली चांदीसारखी चमक. चुंबक लावलं, चिकटलं नाही. म्हणजे शिसंच, लहान मुलांना विषारी. घरात दीड वर्षाचं बाळ आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. ‘शहराचं पाणी सुरक्षित आहे’ असं सरसकट कुणी सांगू नये. शुद्धीकरण केंद्रातून पाणी चांगलं निघतही असेल, पण बाळाच्या पेल्यात पडतं ते या पाइपातून आलेलं. १९८६ पर्यंत इथे शहराच्या नियमानेच लहान घरांना शिशाचा पाइप सक्तीचा होता. असे सुमारे ४ लाख पाइप अजून जमिनीत आहेत. मग बदलायचा भार घरमालकावर का?

रेवा: पटलं नाही. अशाने लोक घाबरून बाटलीबंद पाण्याच्या मागे लागतात. पाण्यात फॉस्फेट घालतात, त्याचा पाइपाच्या आतून थर बसतो आणि शिसं पाण्यात फारसं उतरत नाही. १९९३ मध्ये मिलवॉकी शहरात क्रिप्टोस्पोरिडियम या पाण्यातून पसरणाऱ्या परजीवी जंतूमुळे ४ लाखांच्या आसपास लोक आजारी पडले होते. नळाच्या पाण्यातून येणारं खरं संकट ते. त्यानंतर देशभर गाळणीचे नियम कडक झाले. एवढं काम झालंय, त्यावर विश्वास ठेवायला हवा.

ओंजळ: रेवा, तो थर टिकतो तोवरच ठीक. मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात एप्रिल २०१४ ला पैसे वाचवायला डेट्रॉइटचं पाणी सोडून नदीचं घेतलं आणि गंजरोधक (तुझ्या फॉस्फेटसारखं रसायन) घातलंच नाही. ऑक्टोबरमध्ये तिथल्या जनरल मोटर्स या मोटार कंपनीने इंजिनाचे भाग गंजतात म्हणून ते पाणी घेणं थांबवलं. लोक मात्र आणखी वर्षभर तेच पीत होते! तिथल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अटिशा यांनी मुलांच्या रक्तातलं वाढलेलं शिसं दाखवलं, तर अधिकाऱ्यांनी आधी त्यांनाच चुकीचं ठरवलं. विश्वास ठेवायचा तो कशाच्या जोरावर?

रेवा: फ्लिंट हा गुन्हाच होता, त्यावर वाद नाही. पण न्यू जर्सीतलं नेवार्क शहरही बघा ना. तीनेक वर्षांत २३ हजारांच्या आसपास पाइप बदलले, घरमालकाकडून एक डॉलर न घेता. मनात आणलं तर शहरं करतात.

तळघर: मग मी तेच तर मागतोय! आणि ‘निकषात बसतं’ म्हणजे काय तेही बघा. १९९१ च्या नियमात शिशाची मर्यादा १५ पीपीबी (पाण्याच्या अब्ज भागांत १५ भाग), पण तपासलेल्या घरांपैकी १० टक्क्यांहून जास्त घरं ती ओलांडतील तेव्हाच शहरावर कारवाईची वेळ येते. दहातल्या एका घरात कितीही निघालं तरी शहर पास. ते दहावं घर आमचं असलं तर?

सासूबाई पुण्याहून आल्यात, सवयीने पाणी उकळतात. उकळून जंतू मरतात, शिसं जात नाही. पाणी आटलं की उलट त्याचं प्रमाण वाढतं. हे त्यांना समजावताना माझाच घसा दाटून आला, कारण इतके दिवस बाळाला तेच पाणी दिलं.

ओंजळ: आजच शिसं काढण्यासाठी प्रमाणित फिल्टर बसवा, बाळाचं दूध गार नळाच्या फिल्टर केलेल्या पाण्यातच करा. गरम नळाच्या पाण्यात शिसं जास्त उतरतं. बाळाच्या रक्ताची तपासणीही करून घ्या.

रेवा: यात मी तुमच्या बाजूने. आणि पाइप अर्धाच बदलून देतो म्हणाले तर नको म्हणा. कापाकापीत आतला थर सुटतो आणि काही काळ शिसं आणखी वाढतं. बदलायचा तर रस्त्यापासून घरापर्यंत पूर्ण.