वावरातून पाहिलेले पिक्चर : तुमचं मत सांगा

गावाकडच्या पिक्चरांवर लिहिलेलं खूप वाचतो. अभिनय, कॅमेरा, संगीत, सगळं त्यात असतं. पण पऱ्हाटीला बोंड कधी लागतं, मयतीच्या घरी पहिला शब्द कोण काढतो, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला तोच पिक्चर कसा दिसला, ते कुठं वाचायला मिळत नाही. म्हणून हा धागा. हिंदी असो की मराठी, गणपतीत व्हीसीआर भाड्यानं आणून पाहिलेला असो की मोबाईलवर. का पटला, का नाही पटला, ते वर आपल्या गावाचं नाव टाकून मोकळेपणानं लिहा.

सुरुवात मीच करतो. 'शोले' (1975) म्हटलं की लोक गब्बरवर येतात. मला त्यातले इमामसाहेब सगळ्यांत मोठे वाटतात. पोराचं प्रेत घोड्यावरून येतं, सारं गाव उभं असतं आणि आंधळ्या बापाला एकट्यालाच माहीत नसतं. आमच्या गावात असे प्रसंग पाहिलेत. सगळ्यांना कळलेलं असतं आणि तोंड कुणी उघडत नाही. पुढं गाव जय-वीरूला बाहेर काढायला निघतं, तेव्हा त्यांच्या बाजूनं बोलतो तो हाच बाप. सलीम-जावेद यांनी गाव किती जवळून पाहिलं असेल!

आर्णी तालुका

'मदर इंडिया' (1957). माह्या मायनं तो जत्रेतल्या तंबूत पाह्यला, मी टीव्हीवर. नवरा गेल्यापासून वावर मीच पाह्यतो, म्हून लिहितो. लोकं नर्गिसनं नांगर ओढला तेच सांगतात. मले तर सुखीलाला सावकाराची वही दिसते. पाचशे रुपयाचं कर्ज, आन् पिकाचे चारातले तीन हिस्से निसते व्याजात. वही त्याची, आकडा त्याचा, आंगठा आपला. पुरानंतर गाव सोडून चाललेल्या लोकाईले राधा थांबवते, तिथं माह्या डोयाले पानी येते, कारन आमच्या घरचे बी मले म्हनत होते, वावर मक्त्यानं दे अन् माहेरी ये. नाही गेलो.

शेवट मले पटते. बिरजू लालाच्या पोरीले उचलून नेते. लाला पापी असला तरी त्याच्या पोरीची अब्रू कायले घ्यायची? राधानं आपल्याच पोराले, बिरजूले, गोळी मारली, बरोबर केलं.

हिंगणघाट

ताई, पोरीचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण बिरजूच्या हातात बंदूक येईपर्यंत सारं गाव त्या लालाच्या वहीपुढं मान खाली घालून उभं होतं. त्या गावाला पिक्चर काहीच विचारत नाही. मला तिथं तो अपुरा वाटतो.

पवनी तालुका

वरच्या दोघांचं वाचून 'दो बिघा जमीन' (1953) लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन 1988 साली राजीव गांधींच्या हस्ते झालं, तेव्हा मी लहान होतो. पाणी चढलं तेव्हा मला स्वतःची पोरं होती. आमचं गाव त्यात गेलं. बिमल रॉय यांचा हा पिक्चर मी त्यानंतर पाहिला, वडिलांच्या शेजारी बसून. शंभूचं कर्ज त्याच्या हिशोबानं 65 रुपये, जमीनदाराच्या कागदावर 235. वडिलांनी तिथंच मान हलवली. कलकत्त्यात शंभू झालेले बलराज साहनी रिक्षा ओढतात तो भाग सगळ्यांना आठवतो, आणि तो आहेच तसा. पण आमच्या घरात पिक्चर थांबला तो शेवटच्या प्रसंगावर. जमीन गेलेली, तिथं कारखाना उभा राहतोय, शंभू कुंपणाजवळून मूठभर माती उचलतो आणि पहारेकरी ती टाकायला लावतो.

वडिलांनी आमच्या धुऱ्यावरची माती दुपट्ट्याच्या टोकाला बांधून आणली होती. त्यांना कुणी अडवलं नाही. पण पुनर्वसनाच्या गावठाणात ती टाकायला वावरच नव्हतं. ती गाठ बरेच दिवस खुंटीला टांगलेली होती. मग आईनं ती तुळशीत सोडली. बिमल रॉय यांनी हे 1953 मध्येच कसं दाखवलं, याचं मला आजही नवल वाटतं.

मेहकर

'सैराट' (2016). आर्चीचा ट्रॅक्टर पाहून मी बाबांच्या मागे लागले, आणि त्यांनी शिकवला. आता रोटाव्हेटर मीच चालवते. शेवटावर माझ्या मैत्रिणी बोलतच नाहीत, आणि मीही नाही बोलणार.

वडसा

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. मंडईच्या जत्रेपासून हंगाम लागतो. मी लहानपणी दंडारीच्या लोकनाट्यात बाई व्हायचो. लुगडं नेसून नाचायचो. त्यामुळे 'नटरंग' (2010) मी बाकीच्यांसारखा पाहू शकलो नाही. अतुल कुलकर्णी यांनी पैलवान गड्याचा, गुणाचा, नाच्या होताना मान, खांदे, बोटं एकेक करून बदलत नेलीत. ते आम्हाला जुन्या माणसांनी मारून मारून शिकवलं होतं. एवढं मात्र सांगतो, आमच्या गावानं मला नावं ठेवली नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावून चहा पाजायचे. गुणाच्या वाट्याला जे आलं, ते पाहून फार वाईट वाटलं.

राळेगाव

'गाभ्रीचा पाऊस' (2009) इथं कुणीच कसा घेतला नाही? सतीश मनवर यांनी आमचीच बोली पडद्यावर आणली. शेजारी आत्महत्या होते आणि अलका आपल्या नवऱ्याच्या मागे लहान पोराला पाळतीवर ठेवते. लोकांना वाटतं ही पिक्चरची कल्पना. नाही. घरात फवारणीचं औषध कुठं ठेवलंय, हे आमच्याकडं बायकांना माहीत असतंच. दुबार पेरणीच्या वर्षी आमची आई वडिलांना एकटं विहिरीकडं जाऊ देत नव्हती, आणि तसं तोंडानं कधी म्हणतही नव्हती, "मी बी येतो, भाजी तोडाची हाय" एवढंच. तिचा नवरा, गिरीश कुलकर्णींचा किसना, चिडतो तो याच पाळतीवर. ती चीड आमच्या घरात होती.

पांढरकवडा तालुका

'शेरनी' (2021), अमित मसुरकरांचा. आमच्या भागातली अवनी वाघीण 2 नोव्हेंबर 2018 ला मारली गेली. 13 माणसं तिनं मारली असा तिच्यावर ठपका होता, आणि तिला दोन बछडे होते. पिक्चरमधल्या टी-12 वाघिणीलाही दोन बछडे आहेत. शिकाऱ्याची हौस, पुढाऱ्यांची भाषणं, विद्या बालनची अधिकारी बाई, हे सगळं खरं वाटलं. वाघीण मारायला नको होती असं मलाही वाटतं, आणि हे मी तिच्या जंगलाला लागून वावर असलेला माणूस म्हणून सांगतो.

तरी एक राहिलं. तो कापूस वेचणीचा हंगाम होता. बाया टोळीनं जायच्या, एक जण काठी आपटत पुढं, आणि उन्हं कलायच्या आत घरी. रात्री पीक राखायला जागलीला जाणं बंद. रानडुकरांनी तूर खाल्ली ती वेगळीच. त्या जागलीवाल्या माणसाचा पिक्चर अजून कुणी काढलेला नाही. कुणी काढणार असेल तर आमच्या मचाणावर येऊन राहावं. भाकर आमच्याकडं.