आतड्याचा पत्ता पेशींना कसा कळतो

एका भाऊंनी विचारलं आहे: कोलायटिससाठी (मोठ्या आतड्याची सूज) नागपूरला दर ८ आठवड्यांनी सलाइनमधून मिळणारं व्हेडोलिझुमॅब हे औषध सगळीच प्रतिकारशक्ती मारतं का? नाही भाऊ, त्याचा नेम बारीक आहे.

आतड्याकडे निघालेल्या लिम्फोसाइटवर (एक प्रकारची पांढरी पेशी) अल्फा-४ बीटा-७ हे इंटिग्रिन, म्हणजे चिकटायला लागणारं प्रथिन असतं, आणि आतड्यातल्या बारीक शिरांच्या अस्तरावर मॅडकॅम-१ हे प्रथिन. दोघांची गाठ पडली की वाहती पेशी गडगडत मंदावते, चिकटते आणि भिंतीतून आत शिरते. औषध हीच गाठ पडू देत नाही. मेंदूकडे जाणाऱ्या पेशी अल्फा-४ बीटा-१ वापरतात, त्यांची वाट मोकळी. नॅटालिझुमॅब हे जुनं औषध मात्र अल्फा-४ सरसकट अडवतं. मेंदूतला पहारा ढिला पडून काहींना जेसी विषाणूचा मेंदूतला जीवघेणा आजार झाला.

मला खरी गंमत वाटते ती पुढची. पेशीला हा पत्ता, म्हणजे अल्फा-४ बीटा-७, आतड्यातल्याच डेन्ड्रिटिक पेशी (प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी पेशी) देतात, तोही ‘अ’ जीवनसत्त्वापासून रेटिनोइक आम्ल बनवून. म्हणजे आपल्या तरोट्याच्या भाजीचा इथवर संबंध! (भाजीनं कोलायटिस बरा होतो असं मात्र समजू नका राजेहो.)

आणि औषधाआधी टीबीची तपासणी चुकवू नका. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स आजार (आतड्याच्या सुजेचाच दुसरा प्रकार) ओळखताना भल्याभल्यांची गल्लत होते.