मरण नक्की आहे हे खरोखर कळले, त्यानंतर काय बदलले?

निमंत्रण: निवृत्त बँक अधिकारी, सातारा

नोकरीच्या शेवटच्या अकरा वर्षांत माझ्याकडे मृत खातेदारांच्या दाव्यांचे काम होते. मृत्यूचा दाखला, पासबुक, ठेवींच्या पावत्या आणि वारसांचे अर्ज घेऊन आलेली माणसे रोज समोर बसत. त्यांपैकी कित्येकांच्या घरच्या कर्त्या माणसाने वीस-पंचवीस वर्षे नियमाने ठेवी ठेवल्या होत्या, व्याजाचा हिशेब पैशापर्यंत लिहून ठेवला होता, परंतु नामनिर्देशनाचा रकाना मात्र कोरा सोडला होता. ही माणसे निष्काळजी नव्हती. माणूस मरतो हे त्यांना ठाऊक होते. ‘माणूस’ या शब्दाच्या जागी स्वतःचे नाव घालून ते वाक्य वाचायचे तेवढे राहून गेले होते. निवृत्तीनंतर स्वतःची कागदपत्रे लावताना माझ्याही एका जुन्या खात्यातला तोच रकाना मला कोरा सापडला आणि मी बराच वेळ ती पावती हातात धरून बसलो.

मी त्यात पत्नीचे नाव लिहिले. लिहिल्यावर लक्षात आले की ती आजवर एकटी बँकेत गेलेलीच नाही. दुसऱ्या दिवसापासून मी तिला सोबत नेऊ लागलो, आणि आठवडाभराने ती म्हणाली, “हे तुम्ही लग्न झाल्यावर लगेच शिकवायला हवे होते.” तिचे म्हणणे खरे होते. चाळीस वर्षांच्या संसारात आपण एकमेकांना काय दिले आणि काय द्यायचे राहिले, हा प्रश्न मला त्या कोऱ्या रकान्याने विचारला.

स्मशानातून परतताना प्रत्येकालाच वैराग्य येते आणि घरी पोहोचून आंघोळ झाली की ते उतरते. मला त्यापुढचे जाणून घ्यायचे आहे. मरण नक्की आहे हे आपल्याला खरोखर केव्हा कळले आणि त्यानंतर आपण नेमके काय वेगळे केले, ते लिहावे. ज्यांचे काहीच बदलले नाही, त्यांचे लिहिणेही तितकेच मोलाचे आहे.

परिचारिका, पुणे जिल्हा

बऱ्या न होणाऱ्या रुग्णांच्या घरी जाऊन मी सेवा देते. आमच्या कामाला उपशामक सेवा म्हणतात. आजच्या स्वरूपातील या सेवेचा पाया डेम सिसिली साँडर्स यांनी 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांची शुश्रूषा करणारी संस्था, सुरू करून घातला, आणि आपल्या देशातले पहिले हॉस्पिस 1986 मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झाले. साँडर्स आधी परिचारिका होत्या, याचा मला अभिमान वाटतो. शरीराचे दुखणे, मनाचे दुखणे, घरच्यांची चिंता आणि ‘माझ्याच वाट्याला हे का’ हा प्रश्न या सगळ्यांची मिळून एकच वेदना होते, असे त्यांनी मांडले. रोजच्या कामात मला त्याचा प्रत्यय येतो.

एक अनुभव सांगते. तोंडाच्या कर्करोगाचे एक रुग्ण व्यवसायाने शिंपी होते. पहिल्या भेटीत त्यांना बोलवत नव्हते; त्यांनी पाटीवर फक्त “लवकर सुटू दे” एवढेच लिहिले. घरच्यांना वाटले की त्यांनी मरण स्वीकारले आहे. वेदना थांबवणाऱ्या मॉर्फीनच्या गोळ्यांची मात्रा बसायला सहा दिवस लागले. सातव्या दिवशी मी गेले तेव्हा ते खाटेवर उशीला टेकून बसले होते आणि मांडीवर गिऱ्हाइकांच्या मापांची वही होती. पुतण्याला समोर बसवून ते एकेका गिऱ्हाइकाची सवय लिहून दाखवत होते: याचा डावा खांदा उतरता आहे, याला खिसा खोल लागतो, या बाईंना सांगितलेल्या मापापेक्षा अर्धा इंच सैल शिवावे. ते काम सतरा दिवस चालले. वही पूर्ण झाल्यावर चार दिवसांनी ते गेले.

तेव्हापासून “शेवटी शेवटी माणसाला जीवनाचा अर्थ कळतो” असे कोणी म्हटले की मी विचारते, त्याचे दुखणे थांबवले होते का? वेदनेने तळमळणाऱ्या माणसाला मरण दिसत नाही आणि जगणेही दिसत नाही. मॉर्फीन मिळण्यातल्या अडचणी कमी व्हाव्यात म्हणून 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, तरीही पुष्कळ घरांत ‘त्याची सवय लागेल’ या भीतीने गोळी कपाटातच राहते. ज्याच्याकडे दोन महिने उरले आहेत, त्याचा एक महिना अशा भीतीत जावा, हे मला पाहवत नाही.

गवंडी, लातूर जिल्हा

वरचे दोन्ही अनुभव वाचून मला थोडे वेगळे सांगावेसे वाटते. मरण जवळून पाहिले की जगण्याला अर्थ येतो, असे माझ्या बाबतीत घडले नाही. निदान पुष्कळ वर्षे घडले नाही.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चार वाजायच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झाले होते आणि थकलेली माणसे गाढ झोपली होती. आमच्याकडची जुनी घरे माळवदाची, दोन-अडीच फूट रुंद दगड-मातीच्या भिंतींची आणि वर मातीचा जाड थर असलेली होती. उन्हाळ्यात गार राहणारे तेच घर त्या पहाटे माणसांच्या अंगावर आले. त्या भूकंपात दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. आमच्या घरातली तीन गेली. मी अंगणात झोपलो होतो म्हणून वाचलो. त्यात माझे कर्तृत्व काहीच नव्हते.

त्यानंतर मला कशातच मन लावता येईना. शाळा कशाला शिकायची, पेरायचे कशाला, घर तरी कशाला बांधायचे, हे प्रश्न मी मोठ्याने विचारत असे आणि कोणाकडे उत्तर नव्हते. सभोवती पुनर्वसनाची नवी गावे उभी राहत होती आणि मी रिकामा हिंडत होतो. पुढे पोटासाठी एका मिस्त्रीच्या हाताखाली लागलो. ते भिंत बांधताना ठरावीक अंतरावर एक लांब दगड आरपार घालायला लावत, म्हणजे भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना धरून राहते. दारे-खिडक्यांच्या वर चारही भिंतींवरून सळई घातलेला काँक्रीटचा सलग पट्टा फिरवत. एके दिवशी ते सहज म्हणाले, “जुन्या भिंतीत हे नव्हते, म्हणून ती फुगून फुटली.” मी त्या रात्री झोपलो नाही. आमची माणसे नशिबाने गेली असे मी सात वर्षे धरून चाललो होतो, आणि आता समजत होते की ती भिंतीने गेली.

मरण अटळ आहे हे मान्यच आहे, परंतु त्या वेळी आणि त्या प्रकारे येणारे ते मरण अटळ नव्हते. हा फरक कळल्यापासून मला कामाचा कंटाळा आलेला नाही. मालक घाई करत असला तरी आरपार दगड आणि पट्टा यांत मी तडजोड करत नाही. त्यापायी दोन कामे हातची गेली, त्याचे दुःख नाही.

निवृत्त शिक्षिका, नाशिक

गवंडीदादा, तुमचा फरक मी माझ्या वहीत उतरवून घेतला आहे.

आम्ही नवरा-बायकोने मागील वर्षी आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र केले. सन्मानाने मरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी मान्य केले, आणि जानेवारी 2023 मध्ये पद्धत सोपी केली. आता न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जावे लागत नाही. दोन साक्षीदारांसह नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही केली की चालते.

कागदपत्र सोपे झाले, पण मजकूर सोपा नव्हता. बरे होण्याची आशा उरली नाही तर कोणते उपचार नकोत, हे लिहिण्यासाठी आधी ‘माझे जगणे म्हणजे काय’ हे ठरवावे लागते. यजमानांनी लगेच लिहिले की माणसे ओळखता येईनाशी झाली की यंत्रांवर ठेवू नये. मी मात्र चार संध्याकाळी नुसता कागद पुढे घेऊन बसले. मला वाटे, मी कोणाला ओळखले नाही तरी माझी मुलगी मला ओळखेल. मग ते जगणे कोणाचे मोजायचे, माझे की तिचे?

त्या दिवसांत मला अरुणा शानबाग यांची फार आठवण येई. 1973 मध्ये झालेल्या हल्ल्यानंतर 18 मे 2015 पर्यंत, सुमारे 42 वर्षे, त्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. न्यायालयाने 2011 मध्ये त्यांच्या बाबतीतली इच्छामरणाची याचिका फेटाळली, कारण ज्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले त्यांना ते नको होते. त्याच निकालाने उपचार थांबवण्याची वाट इतरांसाठी प्रथमच खुली केली. शानबाग यांना काय हवे होते, हे मात्र विचारता येत नव्हते. परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी एका माणसाला त्याच्याकडून काहीही न मागता जपले, हे आठवले की डोळे भरून येतात. आणि तरीही माझ्यासाठी कोणी इतकी वर्षे झिजावे असे मला वाटत नाही. दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी खऱ्या वाटतात.

अखेरीस मी लिहिले की वेदना थांबवाव्यात, यंत्रे नकोत, आणि शेवटचा निर्णय मुलीने डॉक्टरांना विचारून घ्यावा. ती मुंबईहून सहीच्या वेळी आली, तेव्हा कागद वाचून म्हणाली, “आई, तू आजीच्या वेळचे मला कधीच सांगितले नाहीस.” मग त्या रात्री मी माझ्या आईचे शेवटचे आठ दिवस तिला सांगितले. तीस वर्षे मी ते कोणाशी बोलले नव्हते.

डायलिसिसवरचा रुग्ण, वय 29, नागपूर

आठवड्यातून तीन वेळा चार-चार तास मी यंत्राला जोडलेला असतो. मला मृत्यूची आठवण कोणी करून द्यावी लागत नाही. भेटायला येणारे लोक विचारतात की या आजाराने तुला काय शिकवले. काही शिकवले नाही. दिवसभरात किती पाणी प्यायचे ते मोजून ठरलेले आहे, आणि दुपारी चारचा अर्धा कप चहा मी हल्ली उभ्याने पीत नाही, खुर्चीवर बसून पितो. बदल विचारला आहे म्हणून एवढेच लिहितो.

शेतकरी आणि शाळेतील लिपिक, वसई

आमच्या चर्चच्या दफनभूमीत एकाच कुटुंबाची माणसे एकाच खाचेत पुरली जातात. पुरेशी वर्षे गेली की तीच जागा पुन्हा उघडतात. मी दहा वर्षांचा असताना आजीसाठी जागा उघडली, तेव्हा आजोबांची हाडे पांढऱ्या कापडात बांधून बाजूला ठेवलेली मी पाहिली. वडील मला म्हणाले, “इथे पुढे मी, आणि माझ्यानंतर तू.” ते घाबरवण्यासाठी बोलले नव्हते. शेतातला बांध दाखवावा तसे त्यांनी दाखवले.

आपण कुठे जाणार ती साडेसहा फूट जागा मला तेव्हापासून ठाऊक आहे. वसईत जमिनीचे भाव चढले, शेजारच्या वाड्यांवर इमारती आल्या आणि आम्हालाही विचारणा झाली, तेव्हा मला ती जागा आठवली. केळीची आणि पानवेलीची बाग मी विकली नाही. माझा निर्णय सगळ्यांना पटेल असे नाही. भावाने त्याचा हिस्सा विकला आणि त्याच्या मुलांचे शिक्षण उत्तम झाले, हेही खरे आहे. मला फक्त इतके कळत होते की जी माती मला मिळाली, ती घेणारा मी शेवटचा नाही.

दर 2 नोव्हेंबरला, मृतात्म्यांच्या दिवशी, आम्ही सगळे दफनभूमीत जातो. फुले आणि मेणबत्त्या संध्याकाळी लावतात, पण सकाळी दगड घासायचे काम घरच्यांचे असते. आमच्या दगडावर आजोबा, आजी आणि वडील अशी तीन नावे आहेत आणि खाली हातभर जागा मोकळी आहे. गेल्या खेपेला माझ्या मुलीने ब्रश हातात घेऊन विचारले की इथे काहीच लिहिलेले नाही, मग ही जागा कोणाची? मी तिला सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग बादलीतले पाणी घेऊन तिने ती जागाही नीट घासून घेतली.