सातचा भोंगा: मोबाइलला आवर एकट्याने घालायचा की सगळ्यांनी मिळून?

कृष्णाकाठची

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे तीनेक हजार वस्तीचं गाव आहे. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद राहतात. त्या वेळात मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात किंवा एकमेकांशी बोलतात. करोनात शाळा बंद पडल्या, अभ्यासासाठी म्हणून मुलांच्या हातात फोन आले आणि शाळा उघडल्यावरही ते सुटेनात, म्हणून गावाने हे ठरवलं. पहिल्या बैठकीत पुरुषमंडळी हसली होती. बायकांना मात्र ते आधी पटलं. मालिका फार बघतो हे त्यांनी स्वतःच मान्य केलं. मग घरोघर जाऊन लोकांना समजावलं गेलं.

माझं माहेर त्याच जिल्ह्यातलं, पण राहते चिंचवडला, मोठ्या सोसायटीत. आमच्या पुढच्या सभेत मी असाच ठराव मांडणार आहे: रात्री आठ ते साडेनऊ सोसायटीच्या कुठल्याही ग्रुपवर कुणी काही टाकायचं नाही आणि घरातले फोन एका जागी ठेवायचे. सक्ती नाही, पण ठरवायचं सगळ्यांनी मिळून.

मिळूनच का, ते सांगते. ‘स्वतःवर ताबा ठेवा’ हा सल्ला आपण वर्षानुवर्षं ऐकतोय. पण एकट्याने फोन बाजूला ठेवला की त्याची किंमतही एकट्यालाच मोजावी लागते. उद्या पाणी येणार नाही हे ग्रुपवर साडेआठला कळतं. मुलाला शाळेत चार्ट पेपर न्यायचाय हे नऊला कळतं. नणंदेच्या घरच्या कार्यक्रमाचं आमंत्रणही तिथेच येतं आणि न बघणारी सून आढ्यतेखोर ठरते. सगळ्यांनी एकाच वेळी फोन ठेवला, तर त्या दीड तासात कुणाचं काही चुकतच नाही, कारण तिकडे काही घडतच नाही. म्हणून मला ही मर्यादा पाण्याच्या वेळेइतकीच सार्वजनिक बाब वाटते. तुमचं मत सांगा, विरोधी असेल तर जरूर सांगा.

बागायतदार_तासगाव

ताई, विरोधीच आहे. मी द्राक्षवाला. ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगा (कोवळा कोंब) ते फुलोरा या काळात अवकाळी पाऊस झाला की डावणी हा बुरशीचा रोग एका रात्रीत बाग खातो. दिवसभर आम्ही बागेत असतो. संध्याकाळी हातपाय धुऊन बसलो की ग्रुपवर फोटो पडायला लागतात: पानावर कुणाला तेलकट डाग दिसले, कुठल्या गावात किती पाऊस झाला, कुणी कोणतं औषध मारलं. जाणकार मंडळी उत्तरं देतात तीही त्याच वेळी, कारण तेही शेतकरीच. पहाटे फवारणीचा ब्लोअर काढायचा की नाही, हे सात ते नऊमध्ये ठरतं. पुढाऱ्यांच्या सभांपेक्षा मला त्या ग्रुपने जास्त शिकवलंय.

तुमच्या ठरावात सगळे फोन सारखेच धरलेत. रील बघणारा पोरगा आणि पानाचा फोटो बघणारा बाप यांना एकाच भोंग्याने गप्प करायचं, हे मला न्यायाचं वाटत नाही.

फळा_खडू

धागाकर्तीला पूर्ण अनुमोदन. मी माध्यमिक शाळेत शिकवते. रात्री उशिरापर्यंत फोन बघणारी मुलं पहिल्या तासाला डोळे उघडे ठेवून झोपलेली असतात. आणि गृहपाठ रात्री नऊला ग्रुपवर टाकायची सवय आम्हा शिक्षकांचीच आहे. ती शाळा सुटायच्या आत फळ्यावर लिहून संपवता येते. पालकांना फोन ठेवायला सांगायच्या आधी शाळांनी हे करावं.

हिंजवडीचा

मी ॲप बनवणाऱ्यांपैकीच एक आहे, म्हणून थोडं आतलं सांगतो. पूर्वी पान संपायचं, पुढचं बघायचं तर बटण दाबावं लागायचं. २००६ साली अझा रास्किन या अमेरिकी डिझायनरने न संपणाऱ्या स्क्रोलची कल्पना पुढे आणली. त्याचा पश्चात्ताप त्याने पुढे जाहीरपणे बोलून दाखवला. थांबायची जागाच काढून टाकली की माणूस थांबत नाही, यात मनाच्या दुबळेपणाचा संबंध फार थोडा. अशा यंत्रणेसमोर देवळावरचा भोंगा लावायचा म्हणजे दोष पुन्हा गावकऱ्यांच्या माथी मारायचा.

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, यूट्यूब, स्नॅपचॅट अशा ठिकाणी खातं ठेवता येत नाही. दंड मुलांना नाही, पालकांनाही नाही. तो कंपनीला, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. तो कायदा सगळाच बरोबर आहे असं नाही (वय तपासायचं म्हणजे आणखी माहिती कंपन्यांच्या हाती जाणार), पण बोट योग्य दिशेला आहे.

कृष्णाकाठची

@बागायतदार: दादा, तुमचा मुद्दा खरा आहे आणि माझ्या ठरावात त्याला जागा नाही हेही खरं. मी शहरातल्या सोसायटीबद्दल बोलतेय, तिथे साडेआठला कुणाचं पीक जात नाही.

@हिंजवडीचा: कंपन्यांना लगाम हवाच. पण कायदा होईपर्यंत माझी मुलगी दहावी होऊन जाईल. जपानमध्ये आइची प्रांतातल्या तोयोआके शहराने ऑक्टोबर २०२५ पासून काम आणि अभ्यास सोडून स्क्रीनसाठी दिवसाला दोन तास अशी मर्यादा सुचवलीय, दंड काही नाही. लोकांनी मिळून असं काही ठरवणं हे दोष पत्करणं आहे असं मला वाटत नाही.

रानशेवंती

मी यवतमाळची. आमच्या जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालच्या मुलामुलींना मोबाइल वापरायला बंदी करणारा ठराव केला होता. तेव्हाही माझ्या मनात हेच आलं होतं: कागदावर बंदी सगळ्यांना असते, पण फोन आधी कुणाचा काढला जातो? पोरीचा. पोरगा चावडीवर मित्राच्या फोनवर बघतो. पोरगी चावडीवर बसू शकत नाही.

माझ्या भाचीने भरतीची जाहिरात इन्स्टाग्रामवर पाहिली. मैदानी चाचणीची तयारी तिथल्याच व्हिडिओंवरून केली, कारण गावात पोरींना पळायला शिकवणारं कुणी नाही. आणि बाईला मोकळा वेळ मिळतो तो भांडी झाल्यावरच. सात ते साडेआठ ती भाकऱ्या थापत असते; तुमचा भोंगा तिच्या स्वयंपाकाच्या वेळी वाजतो आणि ती मोकळी होते तेव्हा घर झोपलेलं असतं. त्या दीड तासात घरातले पुरुष लसूण सोलायला बसत असतील, तर मी स्वतः भोंगा वाजवायला येईन.

फळा_खडू

शेवंतीताई, शेवटचं वाक्य ठरावातच घालायला हवं.

एडिसनहून

मी न्यू जर्सीत असतो. भारतात संध्याकाळचे सात म्हणजे उन्हाळ्यात इथे सकाळचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेआठ. आई सांगलीत एकटी असते. तिच्याशी व्हिडिओवर बोलायला आम्हा दोघांना जमणारी हीच वेळ. सोशल मीडिया सोडा असं म्हणणाऱ्यांना व्हॉट्सॲपवरचा आईचा चेहरा आणि अनोळखी माणसाची रील यांतला फरक कळतो, पण नियमाला तो कळत नाही.

साक्रीकर

वेळेपेक्षा मोठी गोष्ट राहतेय. १ जुलै २०१८ ला आमच्या साक्री तालुक्यात (जि. धुळे) राईनपाड्याला जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय ही अफवा व्हॉट्सॲपवरून आधीच पसरलेली होती. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच जणांना पाठवता येईल असं जाहीर केलं. एप्रिल २०२० मध्ये, फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं आणि असे संदेश फिरण्याचं प्रमाण ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनेच सांगितलं.

म्हणजे यंत्रात बदल केला की फरक पडतो. पण तो करायला कंपनीला कधी सुचलं? माणसं मेल्यावर. म्हणून मी कंपनीवरही विसंबत नाही आणि सरकारवरही. संध्याकाळी दीड तास गाव एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलं, तर नवा माणूस आल्यावर ‘कोण, कुठला’ हे निदान विचारलं तरी जाईल. कृष्णाकाठच्या ताईंना माझा पाठिंबा आहे.

अर्थाचा_अभ्यासक

दोन्ही बाजूंना उपयोगी पडेल असा एक अभ्यास आहे. अर्थतज्ज्ञ हंट अल्कॉट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत २०१८ च्या निवडणुकीआधी काही लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं. निबंध २०२० मध्ये आला. रोजचा सरासरी तासभर मोकळा झाला, समाधान थोडं वाढलं, राजकीय कडवेपणा कमी झाला. पण बातम्यांची माहितीही कमी झाली. मोकळ्या वेळातला काही घरच्यांसोबत आणि मित्रांसोबत गेला, काही एकट्याने टीव्ही बघण्यात. वडगावने टीव्हीही बंद केला हे मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं.

कृष्णाकाठची

शेवंतीताईंचं आणि एडिसनकरांचं वाचून मसुदा बदलतेय. घरच्यांचे फोन आणि कामाचे फोन चालू राहतील. बंद राहतील ते ग्रुप, रील आणि टीव्ही. मुलगा-मुलगी दोघांचे फोन एकाच टोपलीत आणि त्यांच्या आधी आईबापांचे. स्वयंपाकाचं कलम घातलं, सभेत त्यावरूनच जास्त वाद होईल. मिळून करायचं यावर मात्र मी ठाम आहे.

रानशेवंती

गावातल्या ठरावांसाठी आणखी एक. आपल्याकडे ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, पण ती बहुतेक ठिकाणी सह्यांपुरती असते. हा विषय आधी तिथे खरोखर चर्चेला यावा. आणि ठराव एकदा केला की कायमचा असं नको. दर १५ ऑगस्टला तो पुन्हा मांडावा, नको असेल तर रद्द करता यावा.

बागायतदार_तासगाव

वर्षाला फेरविचार होणार असेल तर माझा निम्मा राग गेला. तरी गाव मिळून ठरवतं तेव्हा कमी आवाजाच्या माणसाचं कुणी ऐकत नाही, हे मी गावच्या विकास सोसायटीच्या निवडणुकांत बघत आलोय. माझ्या पोराला किती वेळ द्यायचा हे मी आणि त्याची आई ठरवू. आणि छाटणीपासून मण्यांत पाणी उतरेपर्यंत माझा फोन सातला चालूच राहील, भोंगा वाजला तरी.