‘जर्नीमन’ला मराठीत काय म्हणावे?

बेसबॉलवरील एका लेखाचा अनुवाद करत आहे. त्यात टॉड झील या इनफिल्डरला (बेसजवळ क्षेत्ररक्षण करणाऱ्या खेळाडूला) ‘जर्नीमन’, म्हणजे एका संघातून दुसऱ्या संघात जात राहिलेला खेळाडू, म्हटले आहे. मी ‘भटका खेळाडू’ असे लिहिले, पण ते खटकते. दुसरा शब्द सुचवावा.

उत्तर १

खटकणारच, कारण भटकणारा आपल्या मर्जीने भटकतो. झील १९८९ ते २००४ या काळात अकरा संघांकडून खेळला हे खरे. परंतु मे १९९८ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सनी त्याला माइक पियाझा या सहखेळाडूसोबत फ्लोरिडा मार्लिन्सकडे धाडले आणि जुलै सरता सरता मार्लिन्सनी त्याला टेक्सास रेंजर्सच्या हवाली केले, यात भटकंती कसली? शिवाय या शब्दाचे मूळ प्रवासात नाही. फ्रेंच ‘जूर्ने’ म्हणजे दिवस किंवा दिवसभराचे काम. उमेदवारी संपलेला, पण अजून उस्ताद न झालेला आणि म्हणून दुसऱ्याच्या कारखान्यात रोजावर राबणारा कारागीर, तो जर्नीमन. (प्रवास या अर्थाचा ‘जर्नी’ही त्याच मुळाचा आहे, पण एका दिवसाची मजल या अर्थाने.) आपल्याकडेही ‘रोज’ म्हणजे दिवस आणि दिवसाची मजुरीही. तेव्हा ‘रोजंदार’ का नको?

उत्तर २

व्युत्पत्ती पटली, शब्द नाही. ‘रोजंदार’ म्हटले की नाक्यावर कामाची वाट पाहणारा मजूर डोळ्यांपुढे येतो. झीलच्या नावावर तर २००४ हिट्स (बेस गाठून देणारे फटके) आणि २५३ होम रन (फलंदाजाला सगळे बेस पार करून देणारे फटके) आहेत, आणि अकराही संघांकडून त्याने होम रन मारलेली आहे. ‘बारा गावचे पाणी प्यायलेला’ हा वाक्प्रचार एका गावाने हुकतो हे सोडा, त्यात बेरकीपणाची छटा आहे, ती इथे नको. मला पहिल्या उत्तरातील ‘कारागीर’ महत्त्वाचा वाटतो. झील मुळात कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा. पुढे तिसऱ्या बेसवर गेला, पहिल्या बेसवरही खेळला. ३ ऑक्टोबर २००४ रोजी शे स्टेडियमवर, न्यूयॉर्क मेट्सकडून आपला शेवटचा सामना खेळताना, तो पुन्हा कॅचर म्हणून उभा राहिला आणि शेवटच्या फटक्यावर त्याने होम रन मारली. समोर होता माँट्रियल एक्स्पोज, म्हणजे त्याचाच एक जुना संघ, आणि त्या नावाने त्यांचाही तो अखेरचा सामना. अशा माणसाला ‘कसबी’ शोभते. नामाला नामच हवे हा आग्रह सोडून मी ‘अकरा संघांत मुरलेला कसबी इनफिल्डर’ असे लिहीन.