परदेशात रसायनशास्त्रात सवेतन पीएच.डी.: शोध कोठून सुरू करावा?

प्रश्न (ऐरोली)
नमस्कार. मी सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. केले असून दीड वर्षापासून रबाळे एमआयडीसीतील एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. घरी कर्ज काढणे शक्य नसल्यामुळे वेतन किंवा विद्यावेतन मिळणार असेल तरच मला परदेशात पीएच.डी. करता येईल. ठाण्यातील एका सल्लागाराने प्रवेशासाठी ऐंशी हजार रुपये मागितले, आणि विद्यावेतनाचे काय, असे विचारल्यावर 'ते तिकडे गेल्यावर बघू' एवढेच उत्तर दिले. अशा जागा आपल्या आपण शोधता येतात का?

उत्तर (खारघर)
येतात, आणि ते ऐंशी हजार मुळीच देऊ नका. जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन या देशांत पीएच.डी.ची जागा बहुधा नोकरीच्या जाहिरातीसारखीच निघते, त्यामुळे आधी विद्यापीठ निवडून मग पैशांची सोय पाहण्याऐवजी थेट जाहिरातीच शोधाव्यात. युरोपभरातील जागा 'युरॅक्सेस' या संकेतस्थळावर, तर नेदरलँड्समधील 'अकॅडेमिक ट्रान्सफर'वर मिळतात. जर्मनीत वेतन बहुतेक वेळा 'टीव्ही-एल 13' या तेथील राज्यांच्या सरकारी वेतनश्रेणीत असते, परंतु करार अनेकदा 50 ते 75 टक्के वेळेचा असतो. काम मात्र पूर्ण वेळ करावे लागते, हे मी स्वतः अनुभवले आहे. युरोपीय संघाच्या निधीतून चालणाऱ्या 'मारी क्युरी' डॉक्टरल नेटवर्कच्या जागाही पाहा. त्यांची मुख्य अट अशी की, भरतीपूर्वीच्या 36 महिन्यांत, जेथे जागा आहे त्या देशात आपले वास्तव्य किंवा मुख्य काम 12 महिन्यांहून अधिक झालेले नसावे. ऐरोलीत राहणाऱ्याला ती सहज पुरी करता येते!

उत्तर (नेरूळ)
अमेरिकेची रीत वेगळी आहे. तेथे प्रवेश विद्यापीठातील त्या विषयाचा विभाग देतो, बहुतेक अर्जांची मुदत डिसेंबरच्या आसपास संपते, आणि विज्ञान शाखांत अध्यापन किंवा संशोधन साहाय्यक म्हणून काम केल्यास सहसा शुल्कमाफी व विद्यावेतन दोन्ही मिळतात. प्रत्येक अर्जाला काही हजार रुपये शुल्क पडते. ते माफ होईल का, हे विभागाला आधीच विचारावे. ब्रिटनच्या जाहिरातीत शिष्यवृत्तीतून परदेशी विद्यार्थ्याचे पूर्ण शुल्क भागते की केवळ स्थानिक दराचे, ही ओळ दोनदा वाचावी. मी ती न वाचता तीन आठवडे वाया घालवले.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. कंपनीत मी रोज एचपीएलसीवर (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणावर) नमुने तपासते. संशोधनाच्या अर्जात या कामाला काही किंमत असते का?

उत्तर (खारघर)
असते, पण 'उपकरण हाताळता येते' एवढेच लिहू नका. एखादी पद्धत बसत नव्हती तेव्हा आपण मोबाइल फेज (नमुना वाहून नेणारा द्रव) किंवा कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) का बदलला आणि त्यातून काय साधले, हे चार ओळींत लिहा. मात्र कंपनीची गोपनीय माहिती त्यात येऊ देऊ नका. त्यानंतर ज्या प्राध्यापकांकडे जागा आहे त्यांचा अलीकडचा एखादा शोधनिबंध वाचून, आपले काम त्याच्याशी कोठे जुळते ते सांगा. पन्नास जणांना धाडलेले एकच पत्र त्यांना पहिल्याच ओळीत ओळखू येते. शिफारसपत्रांसाठी एम.एस्सी.च्या मार्गदर्शकांना आजच कळवा. परीक्षांच्या हंगामात ते कोणाच्याच हाती लागत नाहीत.